जागा

फोन म्हणाला, जागा संपली.
आमच्या गोठिवलीत हे वाक्य मोठ्याने वाचायचं नसतं.
बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
"सिडकोला तवाच असा सांगाला पायजे व्हता."

मग मी टीव्हीमागे एक काळी पेटी आणून ठेवली.
आत दोन डिस्क:
पहिली लिहिते, दुसरी मुकाट उतरवून घेते,
शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी.
चार टेराबाइट.
"मंजे कवरं गुंठं?"
याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

घरभर सांडलेलं गोळा करायला दिवाळीची सुट्टी गेली.
जयेंद्रचे तीन मेलेले फोन,
फरसाणाच्या डब्यातले पेनड्राइव्ह, त्यातलं एक नुसतंच टोपण,
साडेबारा टक्क्यांचे कागद, दोनदा स्कॅन केलेले, एकदा उलटे,
रिद्धेशच्या पहिल्या वाढदिवसाचे सोळाशे फोटो
आणि आत्याने रोज पहाटे पाठवलेली गुलाबाची फुलं,
जी मी पुसली,
आणि तिला सांगितलेलं नाही.

नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन.
खरंच नवीन.
आईचं. आईचं शेवटचं. आईचं शेवटचं हेच घे.
आईने चष्मा लावून वाचलं:
"मी मेले नाय गो अजून."

पासवर्ड ठेवला आमच्या खाचराचं नाव.
बाहेरचा कुणी ओळखणार नाही.
गावातलेही, ते आठवणारे, आता चारच.
तिथे कुठल्याशा कंपनीचं पार्किंग आहे,
दुपारी गाड्यांच्या काचा चमकतात,
मिठासारख्या म्हणणार होते,
पण मीठ मी पाहिलेलं नाही.

आई धवलारीण.
पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात गाते, वहीशिवाय.
यंदा हर्षालीच्या हळदीच्या आदल्या रात्री
तांदूळ धुवायच्या धवल्यात अडली.
एकदा. पुन्हा त्याच जागी.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तुज्या पेटीन असल ना?"

होता.
एका झटक्यात सापडला, अकरा वेळा.
मामीच्या फोनमधून आलेला, ग्रुपवरून आलेला,
नाव बदलून आलेला,
अकराही चार मिनिटं बारा सेकंदांचे.
मागे पातेली वाजतात,
बाबा पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडतात,
आईचा आवाज तेव्हाचा, भरलेला,
आणि "सोन्याचे पा" इथे सगळं थांबतं.
त्या रात्री जयेंद्रच्या फोनातली जागा संपली होती.

अकराही लावून पाहिले.
उगाच. कुणी सांगावं.
पा. पा. पा.
पालखी? पायली? पाट?
आईने तिसऱ्यांदा ऐकलं आणि हात केला, बंद कर.
मी पेटीवर किती मिरवत होते,
तिच्या निळ्या दिव्यावर, दुसऱ्या डिस्कवर:
एक गेली तर दुसरी.
पण दुसरीही तेवढीच अर्धी.

मांडवात आई अडली नाही.
"पाट" म्हणाली आणि पुढे गेली.
चांगुणामावशीने एकदा मान उचलली,
तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं
आणि तिच्या सुरात सूर मिळवला.
मी सगळं रेकॉर्ड केलं, चौदा मिनिटं,
शेवटी कुणीतरी खुर्च्या ओढतं तिथपर्यंत.

रात्री विचारलं, तेच होतं का?
"काय म्हाईत. पाट बसला ना, झाला."

मग जुन्या प्रती पुसायला बसले.
नऊ पुसल्या.
दोन का ठेवल्या ते विचारू नका.
बाबा दारातून म्हणाले, "झाली का जागा? कवरी?"
छत्तीस एमबी, बाबा.
म्हणजे?
मी अंगठ्याचं नख दाखवलं.
ते बराच वेळ बघत राहिले,
जणू त्यावर कुणाचं नाव लागलंय
ते वाचता येईल.